घर आठवणं हा आजार होता तेव्हा

आमची तांबडी गाय विकली, त्याच्या चौथ्या दिवशी घेणारा माणूस पुन्हा दारात हजर. गाय वैरणीला तोंड लावत नाही, आंबोण ठेवलं तरी नुसतं हुंगते आणि मान वळवते, म्हणाला. आजारी जनावर गळ्यात मारलं असा त्याचा संशय. आजी सुपात तांदूळ पाखडत बसली होती. हात न थांबवता तिने निदान सांगितलं, "आजारी न्हाई बाबा, खंत घेतलीय तिनं." आणि त्याच्याबरोबर आमच्याच गोठ्यातला कडबा आणि गाईचं जुनं दावं पाठवून दिलं.

खंत घेणं हा शब्दप्रयोग आता क्वचितच कानावर पडतो. 'खंत वाटते' हे भाषणात असतं, पण ती खंत म्हणजे नुसती रुखरुख. जनावराने, तान्ह्या पोराने किंवा नव्या नवरीने खंत 'घेतली' की ती अंगात उतरायची. अन्न सुटायचं, डोळे खोल जायचे, झुरणी लागायची. झुरणी लागते, जशी धाप लागते, उचकी लागते. म्हणजे जुन्या मराठीने या भावनेला सरळ आजारांच्या रांगेत बसवलं होतं. आजची मराठी मात्र 'नॉस्टॅल्जिया'साठी एक वेगळाच शब्द वापरते, स्मरणरंजन. त्यात दुखणं कुठेच नाही. आठवण आहे आणि रंजन आहे, म्हणजे करमणूक.

एका टोकाला अन्न सुटणं आणि दुसऱ्या टोकाला करमणूक. एवढा पल्ला एका भावनेने कसा गाठला, ही गोष्ट मजेची आहे. भावना, विज्ञान आणि संस्कृती एकमेकांना कशा घडवतात हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. त्यासाठी स्वित्झर्लंडला जावं लागेल, ३००हून जास्त वर्षं मागे.

१६८८ साली बाझेलच्या विद्यापीठात योहानेस होफर नावाच्या एका वैद्यकाच्या विद्यार्थ्याने प्रबंध सादर केला. वय वर्षं १९. त्याचं म्हणणं असं, की घरापासून दूर गेलेली माणसं एका विशिष्ट रोगाने खंगतात आणि वैद्यकाने अजून त्याची दखल घेतलेली नाही. लोकांच्या बोलीत त्याला 'हाइमवे' हा शब्द होता, घराचं दुखणं. पण बोलीतल्या शब्दाला दवाखान्यात किंमत नसते. म्हणून होफरने ग्रीकमधले दोन शब्द जोडले. नोस्टोस म्हणजे घरी परतणं आणि आल्गोस म्हणजे वेदना. नॉस्टॅल्जिया हा शब्द असा तयार झाला. तो प्राचीन वाटतो, पण ग्रीकांना तो माहीत नव्हता. एका पोरगेल्या डॉक्टरने तो बनवलाय.

त्याने दिलेले रुग्ण वाचण्यासारखे आहेत. बर्नहून बाझेलला शिकायला आलेला एक तरुण. सतत ताप, छातीत घालमेल, दिवसेंदिवस क्षीण. आता हा जगत नाही म्हणून प्रार्थनाही सुरू झाल्या होत्या. शेवटी याला घरी नेण्यावाचून उपाय नाही असं ठरलं आणि नुसती प्रवासाची तयारी दिसल्यावर त्याच्या जिवात जीव आला. बाझेलपासून काही मैल गेल्यावर ताप उतरू लागला आणि बर्नला पोहोचण्याआधीच गडी बरा. दुसरी एक खेड्यातली मुलगी. उंचावरून पडली, कित्येक दिवस बेशुद्ध होती, इस्पितळात ठेवली. शुद्धीवर आली तर भोवती सगळे अनोळखी चेहरे. ती अन्न थुंकून टाकी, औषध थुंकून टाकी आणि एकच घोकत राही, मला घरी जायचंय. आईबाप घेऊन गेले. काही दिवसांत, कसल्याही औषधाशिवाय, ठणठणीत.

होफरचं स्पष्टीकरण त्याच्या काळातलं होतं. शरीरात एक सूक्ष्म चैतन्यद्रव्य फिरतं आणि मेंदूच्या ज्या तंतूंमध्ये मायभूमीच्या खुणा उमटल्या आहेत तिथेच ते पुन्हा पुन्हा फिरत राहतं, म्हणून बाकीच्या शरीराला पुरत नाही, अशी काहीशी कल्पना. आज त्यातलं काही टिकत नाही. तरी एक गोष्ट त्याने पक्की पकडली होती. नुसती आठवण शरीर मोडू शकते, आणि ज्या गोष्टीने मोडते तीच परत दिली की शरीर सावरतं.

आता हा रोग स्विस लोकांनाच का? कारण ते सैनिक म्हणून भाड्याने जात. डोंगराळ, गरीब देश, शेतीवर भागत नाही, मग तरुण पोरं फ्रान्सच्या किंवा आणखी कुणाच्या फौजेत. पोपच्या पहाऱ्याला १५०६पासून स्विस पलटण आहे ती याच परंपरेतली. अशा पलटणींत माणसं झुरायची आणि काही मरायची. विचारवंत रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात नोंदवलंय की गुराख्यांची एक स्विस धून या सैनिकांसमोर वाजवायला मनाई होती, ऐकली की ते रडत, पळून जात किंवा मरत. मनाई खरोखर किती कडक होती कोण जाणे, पण रूसोने पुढे मार्मिक लिहिलंय. त्या धुनेत स्वतःची अशी काही जादू नाही, ती जुन्या दिवसांची खूण आहे म्हणून काळजाला भिडते. परक्याला ती ऐकून काहीच होत नाही.

इथे भावनेने विज्ञानाला कसं वळवलं त्याचा एक किस्सा आहे आणि तो मला फार आवडतो. झुरिकचा योहान याकोब शॉइख्त्सर, निसर्गाचा मोठा अभ्यासक, वायुभारमापक पाठीला बांधून आल्प्स चढणारा माणूस. त्याला हा नॉस्टॅल्जियाचा विषय झोंबला. स्विस माणूस म्हणजे शूर, कणखर. तो आईच्या आठवणीने रडून मरतो? हे मनाचं दुखणं असूच शकत नाही! मग त्याने १८व्या शतकाच्या सुरुवातीला सिद्धांत मांडला तो हवेच्या दाबाचा. डोंगरावर हवा विरळ आणि हलकी, सखल प्रदेशात जड. डोंगरातला माणूस खाली उतरला की त्या जड हवेने त्याच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त नीट फिरत नाही, म्हणून काळीज जड होतं. उपाय? घरी पाठवता येत नसेल तर निदान टेकडीवर किंवा उंच मनोऱ्यात ठेवा.

हसू येतं, पण थोडं थांबून बघा. हवेचा दाब हे त्या काळचं सगळ्यात नवं, सगळ्यात प्रतिष्ठित विज्ञान होतं. उंचीबरोबर दाब कमी होतो हे खरंच होतं आणि शॉइख्त्सरने ते स्वतः मोजलं होतं. मोजमाप बरोबर, फक्त ते वापरायची घाई दुखावलेल्या अभिमानाची. मनाचं दुखणं हवेवर ढकललं की देशाची लाज वाचते. आजही मनाच्या त्रासाला आपण 'व्हिटॅमिन कमी पडलंय' म्हणतो तेव्हा थोडा शॉइख्त्सर आपल्यात असतो. (व्हिटॅमिन खरंच कमी असू शकतं, तो मुद्दा वेगळा.)

पुढच्या १००-१५० वर्षांत हा रोग स्विस राहिला नाही. एकदा नाव मिळाल्यावर तो सगळीकडे दिसू लागला. १७७० साली कॅप्टन कुकच्या जहाजावर वनस्पतींचा अभ्यासक जोसेफ बँक्सने रोजनिशीत लिहिलं की खलाशी घराच्या ओढीने पार गेलेत, डॉक्टर लोक ज्याला नॉस्टॅल्जिया नावाचा रोग म्हणतात तो हाच. जहाजावर यातून सुटलेले जवळजवळ तिघंच, कप्तान, त्याचा सहकारी अभ्यासक डॉ. सोलँडर आणि तो स्वतः. कारण आमच्या डोक्याला सतत काम आहे, असं त्याचं मत. नवे प्रदेश आणि नव्या वनस्पती बघायला मिळणारे तिघे सुटले, दोर ओढणारे झुरले. बँक्सला यात फक्त रिकाम्या डोक्याचा दोष दिसला.

अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, उत्तरेच्या फौजेने नॉस्टॅल्जियाच्या ५,०००हून जास्त नोंदी केल्या, त्यात ७४ मृत्यू. सरकारी कागदावर मृत्यूचं कारण, घराची आठवण.

मग खरंच ती माणसं आठवणीने मेली का? या प्रश्नाचं उत्तर शोधताना एका पिंपाची आठवण येते. लिओपोल्ड आउएनब्रुगर हा व्हिएन्नातला डॉक्टर. बाप ग्राझ गावात खानावळ-गुत्ता चालवायचा आणि दारूच्या पिंपावर बोटाने वाजवून आत किती उरलीय ते ओळखायचा, असं सांगतात. मुलाने तीच युक्ती माणसाच्या छातीवर केली. डॉक्टर आजही छाती-पाठीवर बोटांनी टकटक करतात ती पद्धत मुळात त्याची, १७६१ साली प्रसिद्ध झालेली. त्याच छोट्या पुस्तकात नॉस्टॅल्जियाबद्दल मजकूर आहे. सक्तीने भरती केलेली कोवळी पोरं, परत जायची आशा उरली नाही की गप्प होतात, एकटी बसतात, खंगतात. त्यांच्या छातीवर वाजवलं की आवाज बद्द येतो आणि मेल्यावर उघडून बघितलं तर फुप्फुस छातीच्या आवरणाला चिकटलेलं. आज वाचणाऱ्याच्या मनात क्षयाचा संशय येतोच. म्हणजे 'आठवणीने मेला' अशा नोंदींमागे बरेचदा क्षय, विषमज्वर, उपासमार असं काहीबाही असणार.

पण आउएनब्रुगर आणखी एक वाक्य लिहून गेलाय. काही वर्षांपूर्वी हा रोग फार होता, आता क्वचित दिसतो, कारण नोकरीची मुदत आता ठरावीक वर्षांची केली आहे आणि मुदत संपली की घरी जाता येईल ही आशा सैनिकांना असते. औषध बदललं नव्हतं, सरकारी हुकूम बदलला होता, आणि त्याने पाहिलेला रोग ओसरला होता.

भावना शरीरात घडते कशी, यावर आजही शास्त्रज्ञांत एकमत नाही. एक बाजू म्हणते की भीती, राग, दुःख या मूळ भावना सगळ्या माणसांत सारख्या, जन्मजात. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन १९६०च्या दशकात पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातल्या लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवायला गेला तो हेच तपासायला. दुसरी बाजू, लिसा फेल्डमन बॅरेटसारखी, म्हणते की शरीराकडून मेंदूला येते ती ढोबळ खबर. पोटात खड्डा, छाती जड, हात गार. त्या खबरीचा अर्थ मेंदू आपल्या अनुभवातून आणि आपल्याकडे असलेल्या कल्पनांतून लावतो, आणि त्या कल्पना येतात भाषेतून, घरातून, समाजातून. पोटातला खड्डा परीक्षेच्या आदल्या दिवशी भीती होतो, वसतिगृहाच्या पहिल्या रात्री घराची आठवण होतो आणि उपासाच्या दिवशी नुसती भूक. मला दोन्ही बाजूंत थोडं थोडं तथ्य दिसतं. गाईला कुणी शब्द शिकवले नव्हते, तरी तिने वैरण सोडली. पण 'मी नॉस्टॅल्जियाने आजारी आहे, मला घरी पाठवलं नाही तर मी मरेन' हे कळायला मात्र नॉस्टॅल्जिया हा शब्द लागतो, आणि तो ऐकणारा डॉक्टर लागतो.

कॅनडाचा तत्त्वज्ञ इयन हॅकिंग याने यावर नेमकं बोट ठेवलं. दगडाला आपण बेसॉल्ट म्हटलं काय किंवा काळा कातळ म्हटलं काय, दगडाला त्याचं काही नाही. माणसाला मात्र नाव लावलं की ते त्याच्या कानावर जातं. तो त्या नावाप्रमाणे वागू लागतो किंवा मुद्दाम त्याच्या उलट वागतो. मग ज्याला नाव दिलं तो माणूसच बदलल्यामुळे नावाचा अर्थही बदलावा लागतो. भूगर्भशास्त्र आणि मानसशास्त्र यांत हा मोठा फरक आहे.

नॉस्टॅल्जियाचं पुढे हेच झालं. यादवी युद्धातच थिओडोर कॅल्हून नावाच्या सैन्यातल्या डॉक्टरने म्हटलं की अशा पोरांची चेष्टा करा, लढाईत पाठवा, बरी होतील. घर आठवणं म्हणजे मर्दपणात कमी, असं वातावरण तयार होत होतं. आगगाड्या, आगबोटी आणि टपाल आलं. घर सोडून नशीब काढणारा तो कर्तबगार, घरी रडणारा तो कच्चा. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला आणि जो रोग सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही त्याची पत घसरली. नॉस्टॅल्जिया हळूहळू डॉक्टरी पुस्तकांतून बाहेर पडला. शेवटच्या काही खांद्यांवर तो उरला तो सगळ्यात दुबळ्या. १९०९ साली कार्ल यास्पर्सने, जो पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजला, डॉक्टरकीचा प्रबंध लिहिला तो घरच्या आठवणीतून झालेल्या गुन्ह्यांवर. कोवळ्या वयात परक्या घरी कामाला ठेवलेल्या मुली, ज्यांनी परत जायला मिळावं म्हणून मालकाच्या घराला आग लावली, कधी सांभाळायला दिलेलं मूल मारलं.

हे वाचताना मन आपोआप आपल्याकडे येतं. आठ-दहा वर्षांच्या मुली सासरी पाठवण्याचा रिवाज आपल्याकडे काही शतकं होता. त्यांच्या झुरणीचा प्रबंध कुणी लिहिला नाही. पण समाजाला ते दुखणं माहीत नव्हतं असंही नाही. नागपंचमीला, दिवाळीला मुराळी पाठवायचा, म्हणजे लेकीला माहेरी आणायला भाऊ किंवा घरचं कुणीतरी जायचं. नीट पाहिलं तर होफरचा उपाय आणि मुराळी यांत फरक नाही, घरी न्या एवढंच. आउएनब्रुगरची मुदतीची आशाही त्यात आहे, पंचमीपर्यंत काढ बाई. आणि बाकीच्या दिवसांसाठी जातं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आई, भाऊ, माहेरची वाट यांनी त्या भरून वाहतात. पहाटेच्या अंधारात, सासूला फक्त जात्याची घरघर ऐकू येईल अशा वेळी, बाई बोलून घ्यायची.

याचं कौतुक करताना मी जरा आखडता हात घेतो. फौजेतल्या पोराच्या झुरणीला ग्रीक नाव मिळालं, नोंद मिळाली, कधी कधी रजाही मिळाली. सुनेच्या झुरणीला सुंदर ओवी मिळाली, पण मुराळी परत पाठवायचा की नाही हे सासरचे ठरवायचे. कुठल्या दुखण्याला डॉक्टर मिळतो आणि कुठल्याला गाणं, हे विज्ञान ठरवत नाही.

झुरणीचं स्मरणरंजन कधी झालं? जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९८ सालीच एक निरीक्षण लिहून ठेवलं होतं. हे झुरणारे लोक खरंच गावी परततात तेव्हा हिरमुसतात, म्हणतात गाव बदललं. गाव फारसं बदललेलं नसतं. त्यांना हवं असतं ते तिथे घालवलेलं तारुण्य आणि ते तर परत आणता येत नाही. ही नजर बदलली आणि सगळंच बदललं. गावाला परत जाता येतं, म्हणून गावाची ओढ हा रोग ठरू शकतो, त्याला उपचार आहे. गेलेल्या काळात परत जाता येत नाही. ज्याला उपचारच नाही ते दुखणं माणूस सोबत घेऊन जगायला शिकतो, त्याची हळूहळू चव घ्यायला लागतो. विसाव्या शतकात नॉस्टॅल्जिया म्हणजे जागेची नव्हे तर काळाची ओढ, हा अर्थ रुळला आणि मराठीने शब्द घडवला तो या नंतरच्या अर्थासाठी.

मग गंमत अशी की विज्ञान पुन्हा आलं, उलट्या दिशेने. कॉन्स्टंटाईन सेडिकिडीस हा मूळ ग्रीक मानसशास्त्रज्ञ १९९९च्या सुमारास अमेरिकेतून इंग्लंडमधल्या साउदम्प्टनला आला. त्याला आधीच्या गावाची सारखी आठवण यायची. सहकाऱ्याला वाटलं, याला नैराश्य आलंय. सेडिकिडीसला मात्र त्या आठवणींनी बरं वाटत होतं. यातून त्याने आणि टिम विल्डशूटने जो अभ्यास सुरू केला त्यात दिसलं की एकटेपणात माणसं जास्त नॉस्टॅल्जिक होतात आणि त्यानंतर त्यांना आपण कुणाचे तरी आहोत असं वाटू लागतं. चीनमधल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं की थंड दिवशी, थंड खोलीत माणसं अशा आठवणी जास्त काढतात आणि आठवणीने अंगाला थोडी ऊब वाटते. प्रयोगशाळेतले असे परिणाम लहान असतात, ते फार ताणू नयेत. पण दिशा बघा. ज्याने माणूस मरतो असं फौजेचे डॉक्टर लिहीत होते, त्याचाच आता टॉनिक म्हणून अभ्यास चाललाय. जाहिरातवाल्यांना हे संशोधकांच्या आधीच कळलं होतं. लोणच्याच्या बरणीवरची नऊवारीतली आजी उगाच नसते.

झुरणी मात्र कुठे गेलेली नाही. फक्त तिला नाव उरलेलं नाही. पहिल्या वर्षी वसतिगृहात मला दर रविवारी संध्याकाळी कणकण यायची. तिथल्या डॉक्टरांनी दोनदा रक्त तपासलं, काही निघालं नाही, आणि मीही कशाची आठवण येते हे सांगितलं नाही, कारण अठरा वर्षांच्या मुलाने ते सांगायचं नसतं हे मला कुणी न शिकवता माहीत होतं. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांची तिकिटं खिडकी उघडताच संपतात, तेव्हा रांगेतला चाकरमानी रजेच्या अर्जावर 'कौटुंबिक कारण' लिहितो.

माझी मामेबहीण आता न्यू जर्सीत असते. तिचा रोज व्हिडिओ कॉल असतो. मामी फोन घेऊन अंगणभर फिरते, तुळस दाखवते, मांजर दाखवते. यातून झुरणी कमी होते की वाढते, दोघींनाही सांगता येत नाही. मामीचा पहिला प्रश्न मात्र रोज तोच असतो आणि उत्तर येईपर्यंत ती पडद्यावरच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघत असते.

"जेवलीस का गं?"